डबा खाली नको

वर्तमानपत्राच्या कचेरीत सव्वीस वर्षे मी इतरांनी लिहिलेल्या बातम्या तपासल्या. नव्या बातमीदारांना माझे एकच सांगणे असे: अवतरणचिन्हांत माणसाचे शब्द जसेच्या तसे द्या, पदरचा एकही घालू नका. हे आधीच सांगते, कारण बुऱ्हाणपूरला एका वाक्यात मी पदरचा एक शब्द घातला. या लेखाचा बराच भाग त्या शब्दाने व्यापला आहे.

बुऱ्हाणपूर

महाराष्ट्राची हद्द ओलांडून गाडी मध्य प्रदेशात शिरली तरी खिडकीबाहेर काही बदलले नाही. तीच काळी जमीन, त्याच केळीच्या बागा. फलाटावर चहावाला हिंदीत ओरडत होता आणि त्याच्याकडून चहा घेणाऱ्या दोघी एका पिशवीवरून मराठीत वाद घालत होत्या. चहावाल्याने मध्येच मराठीत एकीची बाजू घेतली आणि पुन्हा हिंदीत ओरडू लागला.

मी लॉज शोधणार होते. कचेरीतल्या एका मैत्रिणीने ते होऊ दिले नाही. तिचे मामा-मामी बुऱ्हाणपूरला राहतात. तिच्यामुळे तेच माझेही मामा-मामी झाले. मामांची सारी नोकरी जवळच्या एका कागद कारखान्यात गेली. मूळचे भुसावळकडचे. निवृत्तीनंतर ते कारखान्याचे क्वार्टर सोडून शहरातल्या दोन खोल्यांत आले, त्याला दोन वर्षे झाली. मी पोचले तेव्हा त्या दोन खोल्यांतही खोकी बांधलेली होती. आठ दिवसांनी बिऱ्हाड नाशिकला मुलाकडे हलणार होते, आणि ते कायमचे.

"नातवाची शिक्षा बी तिकडंच चालू आहे," मामा म्हणाले.

मी विचारले, कसली शिक्षा? मामा हसले. कारखान्याच्या कागदपत्रांतली हिंदी त्यांच्या मराठीत मुरली आहे. शिक्षा म्हणजे शिक्षण. 'मला आपत्ती नाही' म्हणजे माझी हरकत नाही. मी वहीत मागच्या पानावर अशा शब्दांची यादी सुरू केली. शब्द तेच, गाव बदलले की अर्थ बदलतो. असे काही सापडले की आमच्या धंद्यातल्या माणसाला बरे वाटते.

सुमनमामींनी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा आणि शेवभाजी वाढली. शेवभाजीच्या तवंगाने माझे डोळे भरून आले तेव्हा मामींनी गुळाचा खडा ताटात ठेवला. प्रवासात नेलेला माझा प्लास्टिकचा डबा त्यांनी घासायला घेतला. मी नको म्हटले, त्यांनी ऐकले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो डबा माझ्या पिशवीत होता आणि जड लागला. उघडला तर शेंगदाण्याची चिक्की. मी त्यांना सांगितले की गावातच फिरणार आहे, बरोबर खाणे द्यायची गरज नव्हती. मामींनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मी काही तरी चमत्कारिक बोलले होते. मग त्या कामाला लागल्या.

राजघाट

शहरात पाहण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्याबद्दल पुष्कळ लिहिलेले आहे. जमिनीखालून पाणी आणणारी जुनी व्यवस्था पाहायला मी गेले, त्या दिवशी आत उतरायची सोय बंद होती. एका विहिरीच्या तोंडाशी वाकून मी पाण्याचा आवाज ऐकला आणि परत फिरले.

परतताना तापीकाठच्या राजघाटावर मामांना भेटायचे होते, पण वाट चुकले. हातमागाची जागा यंत्रमागांनी घेतली त्याला आता काळ लोटला. गल्लीच्या दोन्ही बाजूंनी एकच खडखडाट चालू होता. एका दारात उभी राहून मी माग चालवणाऱ्या माणसाला राजघाट विचारला. त्याने कानाला हात लावला. मी पुन्हा विचारले. मग त्याने माग थांबवला, शेजारचाही थांबवला, हात पुसत बाहेर आला आणि कोपऱ्यापर्यंत चालत येऊन दाखवले की डावीकडची गल्ली पुढे बंद आहे, उजवीकडून जा. यंत्र थांबले की कापड थांबते, आणि मजुरी कापडावर असते. त्याने ते बोलून दाखवले नाही. मी आभार मानले तेव्हा तो परत वळलेला होता. पुण्यात मलाही लोक रस्ता विचारतात. मी चालता चालता हाताने दिशा दाखवते.

घाटावर मामा आधीच येऊन बसले होते. तापी संथ होती, पात्रातला दगडी हत्ती निम्मा पाण्यात होता. मी म्हटले, दुसऱ्या दिवशी शाहपूरला केळीच्या बागा पाहायला जायचा विचार आहे. मामा माझ्याकडे वळले.

"शाहपूरला जाताय तर एक काम होईल," ते म्हणाले. "आमच्या हिचा आनि इंदूबाईचा राजीनामा करून टाका."

मी विचारले, कोणी कशाचा राजीनामा दिला?

"दिला नाही, व्हायचाय. राजीनामा म्हंजे समझोता. कोर्टात होतो तसा."

यादीत तिसरा शब्द पडला. इंदूबाई कोण, ते मग त्यांनी सांगितले. क्वार्टरमध्ये बावीस वर्षे त्या शेजारी होत्या. दोन्ही अंगणांच्या मधल्या भिंतीतली एक वीट काढलेली होती आणि त्या भोकातून दोन्ही घरांचे डबे जात-येत. इंदूबाईंचा नवरा मामांच्याच खात्यात होता. तो वारला, आणि त्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी मामांनी क्वार्टर सोडले. पुढे इंदूबाईही शाहपूरला स्वतःच्या शेतावर राहायला गेल्या. मामांनी क्वार्टर सोडले त्याच दिवशी दोघींचे काही तरी बिनसले, एका डब्यावरून. नेमके काय, ते मामांना माहीत नव्हते किंवा बायकांचा मामला म्हणून सांगायचे नव्हते. इंदूबाई फोन उचलत नव्हत्या. मामी शाहपूरला जायला धजत नव्हत्या, कारण दारातून परत पाठवले तर बावीस वर्षांवर ती शेवटची ओळ झाली असती.

"आठ दिवसांनी आम्ही नाशिकला," मामा म्हणाले. "तिथून कोन येतंय परत?"

शाहपूर

सकाळी मामींनी फडक्यात बांधलेला स्टीलचा डबा माझ्या हातात दिला. झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेले नाव होते: सौ. सुमन. आत मेथीचे लाडू. इंदूबाईंचे गुडघे थंडीत धरतात. मामी म्हणाल्या, बाकी काही बोलू नका, विचारलं तरच सांगा. मग मी पायऱ्या उतरले तरी त्या दारात उभ्या होत्या. तिथून म्हणाल्या, "एवढंच सांगा तिला. डबा खाली नको."

मी मान हलवली. लाडू देवाला दाखवलेले असावेत, म्हणून डबा जमिनीवर टेकवायचा नसेल, असे माझ्या मनात आले. आमच्या आजोळी प्रसादाचे पातेले असेच हातोहात जाई.

मी तो टेकवला नाही. रिक्षात मांडीवर, बसस्टँडवर हातात. बसमध्ये कंडक्टर म्हणाला, पायाशी ठेवा. मी नाही म्हटले. तूप पाझरून माझ्या कुर्त्यावर तळहाताएवढा डाग पडला होता. पुढे एक बाई तान्ह्या मुलाला घेऊन चढली, तिला मी जागा दिली. उभ्याने डबा सांभाळता येईना, तेव्हा खिडकीजवळच्या म्हातारीने न मागता हात पुढे केले. मी तो तिच्या हवाली केला आणि सांगितले, हा खाली नको बरं का.

म्हातारीने डबा उचलून वजन पाहिले. "खाली कुठं, माय? चांगला भरेल तं आहे," ती म्हणाली.

मला वाटले, तिला मराठी नीट कळत नसावे. शाहपूर येईपर्यंत तिने तो पोटाशी धरून ठेवला.

इंदूबाईंचे घर गावाबाहेर, बागेला लागून आहे. बागेत तोडणी चालली होती. एक माणूस कोयत्याने घड उतरवी, दुसरा तो खांद्यावरच्या चुंबळीवर झेली आणि बांधावर अंथरलेल्या पानांवर अलगद निजवी. माती लागली की केळ काळे पडते, असे त्याने मला सांगितले. माझ्या हातातल्या डब्याकडे पाहून त्याने विचारले, तुमचा कोनता माल आहे? मी इंदूबाईंचे घर विचारले.

त्या ओट्यावर शेंगा सोलत बसल्या होत्या. साठीच्या, उंच, एक पाय लांब केलेला. मी कोण, कुठून आले ते सांगितले. त्यांची नजर झाकणावरच्या नावावर गेली आणि तिथेच राहिली.

"ठेवा तिकडं," त्या म्हणाल्या.

मी म्हटले, सुमनमामींनी सांगितलंय, डबा खाली ठेवू नका.

"काय आहे त्याच्यात?"

"मेथीचे लाडू. तुमच्या गुडघ्यांसाठी."

"मेथीचे लाडू खाली नाही ठेवत? हे कधीपास्नं?" त्यांनी शेंग बाजूला टाकली. "असंच म्हनली ती? ठेवू नका म्हनली?"

मी हो म्हणणार होते. सव्वीस वर्षांची सवय आड आली. मामी दारात उभ्या होत्या, मी पायरीवर होते. मी ते तीन शब्द मनात पुन्हा वाचले आणि चौथा सापडेना.

"नाही," मी म्हटले. "त्या म्हणाल्या, डबा खाली नको. 'ठेवू' माझं."

इंदूबाईंनी पदर तोंडाला लावला. खांदे हलू लागले तेव्हा त्या हसत आहेत की रडत आहेत हे मला ठरवता येईना.

"ताई, खाली म्हंजे रिकामा," त्या शेवटी म्हणाल्या. "डबा रिकामा नको. तुम्ही काय मांडीवर घेऊन आल्या का त्याला?"

मी म्हटले, अर्धा रस्ता मी, अर्धा एका आजींनी.

हिंदी वाक्यात तो शब्द आला असता तर मला कळला असता. रिक्षावाल्यांकडून रोज ऐकते. तो मराठी वाक्यात आला आणि मी तो मराठी धरला. माझ्या यादीत तीन शब्द होते. हा नव्हता.

मग इंदूबाईंनी जे सांगितले ते असे. त्यांच्या रिवाजात भरून आलेले भांडे रिकामे परत जात नाही. काही नसेल तर चिमूटभर साखर, दोन मिरच्या, पण काही तरी. रिकामे भांडे परत जाते ते फक्त सुतकाच्या घरी. बावीस वर्षे त्या विटेच्या भोकातून डबा एकदाही रिकामा गेला नव्हता. नवरा वारल्यावर इंदूबाईंनी गोडाचे काही केले नव्हते. सुमन क्वार्टर सोडून चालली म्हणून त्या दिवशी पहिल्यांदा कढई चढवली, शिरा केला, डबा दिला. तासाभराने तो डबा सामान नेणाऱ्या टेम्पोवाल्याच्या हाती परत आला. घासलेला, पुसलेला, रिकामा.

"मी म्हटलं, हिनं माझं घर सुतकात काढलं. आता हिच्या हातचं काही यायचं नाही इकडं." त्या शेंगांकडे पाहत बोलत होत्या. "तिला घाई असंल. समजतं मला. पन डबा खाली होता."

मला माझ्या डब्यातली चिक्की आठवली. पुण्यात माझ्या इमारतीत शेजारणीची भांडी आम्ही स्वच्छ घासून परत करतो, बहुधा वॉचमनच्या हाती, आणि त्याला चांगली वागणूक समजतो.

इंदूबाई उठल्या, गुडघ्यावर हात ठेवून. लाडू एकेक करून आपल्या परातीत काढले. एक मला दिला, एक अर्धा मोडून स्वतः खाल्ला. "डिंक कमी घातलाय. घालतच नाही ती." मग डबा घासला, पुसला आणि हातात घेऊन उभ्या राहिल्या. स्वयंपाकघरात काय काय आहे ते मला दिसत होते: गुळाची ढेप, शेंगा, तांदूळ, फळीवर ज्वारीच्या पापडांचा, बिबड्यांचा डबा. त्यातले काहीही चालले असते. मी घड्याळ पाहिले. परतीच्या बसला तासभर होता.

"कधी जातात ते नाशिकला?" त्यांनी विचारले. मुलाकडे जाणार एवढे गावात कोणी तरी बोलले होते.

मी सांगितले, आठ दिवसांत. सामान बांधून झालंय.

"परत कधी?"

"परत नाही. कायमचं."

हे त्यांना माहीत नव्हते. डबा त्यांच्या हातात तसाच राहिला. मग त्यांनी फळीवरची दोन भांडी सरकवली आणि मामींचा डबा मधोमध ठेवला, नाव पुढे करून.

"तिला सांगा," त्या म्हणाल्या. "डबा भरून ठेवते. पाठवत नाही. घ्यायला तिनंच यायचं. इथं वीट काढेल भिंत नाही, दरवाजा आहे." आणि मग, "आता तरी जसंच्या तसं सांगाल ना?"

मी वही काढली आणि लिहून घेतले. त्यांनी वाचून दाखवायला लावले. 'काढेल'च्या जागी मी 'काढलेली' लिहिले होते. त्यांनी ते दुरुस्त करायला लावले.

निघताना एक केळीची फणी माझ्या हातात दिली. ती माझ्यासाठी होती. मामींना ती दाखवून डब्याचा निरोप पुरा झाला असे समजू नये, हेही बजावले.

परत

मामी दारातच होत्या. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिले नाही, हातांकडे पाहिले. फणी दिसली, डबा दिसला नाही. त्या आत जाऊन एका खोक्यावर बसल्या.

मी वही उघडून वाचले. त्यांनी पुन्हा वाचायला सांगितले. मी पुन्हा वाचले.

"रागानं म्हनली का?"

मी जे पाहिले ते सांगितले: लाडू परातीत काढले, अर्धा स्वतः खाल्ला, डिंक कमी आहे म्हणाल्या, डबा पुसून फळीवर मधोमध ठेवला, नाव पुढे करून.

"डिंक कमी म्हनली?"

"हो. घालतच नाही ती, म्हणाल्या."

मामींनी मान खाली घातली. मग त्या बोलू लागल्या, माझ्याशी कमी आणि समोरच्या खोक्यांशी जास्त. त्या दिवशी सगळे स्वयंपाकघर पोत्यांत बांधून झाले होते. टेम्पो दारात. रिकामा डबा हातात घेऊन त्यांनी साखर शोधली. साखरेचा डबा कोणत्या पोत्यात गेला ते सापडेना. दोन पोती सोडली. टेम्पोवाला ओरडत होता, मामा ओरडत होते. चिमूटभर साखर मिळाली नाही.

"मी कुठं ओरडलो?" मामा म्हणाले.

"तुम्हीच ओरडले."

मामांनी माझ्याकडे पाहिले. राजीनामा झाला समजायचा का, असे त्यांनी विचारले. मामी त्यांना म्हणाल्या, गप्प बसा. त्यानंतर मी 'ठेवू'ची चूक कबूल केली आणि कुर्त्यावरचा डाग दाखवला. मामी हसल्या नाहीत. उठून त्यांनी डागावर पीठ चोळले आणि कुर्ता भिजत घातला.

माझी गाडी दुसऱ्या दिवशी दुपारची होती. सकाळी मला जाग आली तेव्हा घरात दोरी सोडल्याचा आवाज येत होता. मामी एका खोक्यातून भांडी बाहेर काढत होत्या. मामा तक्रार करत होते की ते खोके त्यांनी सर्वांत पक्के बांधले होते, आणि आता ते कोण बांधणार. पिशवी भरताना पाहिले तर माझा प्लास्टिकचा डबा पुन्हा जड होता. या वेळी मी काही बोलले नाही.

आम्ही तिघे एकाच रिक्षाने निघालो. स्टेशनच्या आधी बसस्टँड लागतो. शाहपूरची बस उभी होती, निम्मी भरलेली. मी त्यांना बसवून द्यायला चढले. मामींनी इस्त्रीची साडी नेसली होती. मांडीवर कापडी पिशवी होती आणि पिशवीतून पितळी झाकण डोकावत होते. तो साखरेचा डबा होता, पाचेक किलोचा, काठोकाठ.

"ठेव ना खाली," मामा म्हणाले. "पाऊण तास आहे. पाय भरून येतील."

मामींनी दोन्ही हात झाकणावर ठेवले.

"खाली नाही," त्या म्हणाल्या.

कोणत्या अर्थाने, ते मी विचारले नाही.